कळतं सगळं, मग आत काही हलत का नाही?

मांडवाखालची

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. शेती विभागात टाकू की मानसशास्त्रात, ठरेना. संपादकांना वाटलं तर हलवावा.

मी निफाड तालुक्यात एका हायस्कूलवर विज्ञान आणि भूगोल शिकवते. घरची तीन एकर द्राक्षबाग, बहुतेक थॉमसन, थोडी सोनाका या जातींची. बाग सासरे (नाना) आणि मिस्टर बघतात. मी शाळा सांभाळून जमेल तेवढं, आणि डिपिंग-थिनिंगच्या (घड संजीवकात बुडवणं, मणी विरळ करणं) दिवसांत बायकांबरोबर मांडवाखाली.

हरितगृह परिणाम शिकवताना मी फळ्यावर सूर्य काढते, पृथ्वी काढते, बाण काढते. मुलं उतरवून घेतात, परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवतात. वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांच्या घरी बागा आहेत. आजवर एकानेही विचारलं नाही की बाई, हे आमच्या बागेला लागू आहे का. आणि मीही कधी आपणहून तो विषय काढला नाही.

२०२५ सालचंच बघा. मे महिन्यातच पाऊस आला आणि हटेना. ज्यांच्याकडे बाग नाही त्यांच्यासाठी सांगते. एप्रिलात खरड छाटणी होते. मग मे-जूनच्या उन्हात नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड बारीक रूपात तयार होतो. दिसत काही नाही, पण पीक तिथेच ठरतं. ते ऊनच मिळालं नाही. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर फुटवे जोमदार आले आणि घड शोधायला गेलो तर कितीतरी फुटव्यांवर घडाच्या जागी नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे ताणे. नाना एका ओळीने गेले, दुसऱ्या ओळीने परत आले, आणि चहा मागितला.

संध्याकाळी शेजारपाजारचे ओट्यावर जमले. बोलणं काय झालं? संजीवकं (वाढीची औषधं) कोणती मारली, पाणी कोणी जास्त दिलं, कोणी कुठल्या सल्लागाराचं ऐकलं. म्हणजे चूक कोणाची, एवढंच. पावसाबद्दल निघालं ते 'डोकं फिरलंय त्याचं' यापुढे गेलं नाही. २०१९ ला ऑक्टोबरभर आणि नोव्हेंबरातही पाऊस पडला तेव्हा असंच बोलणं झालं होतं. २६ नोव्हेंबर २०२३ ला गारपिटीने झोडपलं तेव्हाही असंच. दरवेळी ते त्या एका सालाचं दुखणं असतं. ही सालं एका दोऱ्यात ओवून, पुढची वीस वर्षं कशी जाणार, असं आमच्या घरात कोणी म्हणत नाही. अडाणी घर नाही हे. नाना ॲग्रोवन अथपासून इतिपर्यंत वाचतात.

आता माझं. त्या गारपिटीच्या संध्याकाळी मी खरोखर घाबरले होते. सकाळी बघितलं तर पानांच्या चिंध्या आणि कोवळे घड तुटून खाली. पण मिस्टरांनी ट्रॅक्टरला ब्लोअर जोडला, जखमांतून बुरशी शिरू नये म्हणून फवारणी सुरू झाली, आणि ब्लोअरचा आवाज कानावर पडला तशी माझी भीती गेली. पूर्णच गेली. दुपारी मी निवांत पेपर तपासत बसले होते. नुकसान तर तेवढंच होतं!

थंडीत याच्या उलट. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात झळकला की स्टाफरूममध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, "काय मॅडम, कुठं गेलं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?" आणि हे सगळं शिकवणाऱ्या मला क्षणभर बरं वाटतं. घरी त्याच पहाटे मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटलेल्या असतात, तरी बरं वाटतं.

मुलगा अकरावीला आहे, नाशिकला. तो मोबाइलवर काय काय बघतो आणि रात्री जागतो. मागे म्हणाला, "आई, तुम्ही लोक नॉर्मल कसे राहू शकता?" मी म्हटलं, "अभ्यास कर."

तर विचारायचं हे की त्याला वाटतं ते जास्त आहे, की मला वाटतं ते कमी? माहिती असून माणसाला आतून काही होत नाही, याचा कोणी अभ्यास केलाय का? विज्ञान नका सांगू, ते मीच शिकवते.

फवारणीवाला

ताई, प्रश्न मोठा, उत्तर छोटं. भ्यायला वेळ कुठंय?

दिंडोरीत माझं कृषी सेवा केंद्र आहे. ढग आले की दुकानात गर्दी. डावणीला काय, भुरीला काय (दोन्ही बुरशीचे रोग), पाऊस उघडल्यावर किती तासांत मारू, यात ते मिसळलं तर चालेल का. माझ्या नातवाच्या वेळेला इथं द्राक्ष पिकेल का, असं आजवर एका गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी मी कोणती बाटली काढून दिली असती?

दुसरं म्हणजे लोक अंदाज ऐकतात, पण कोणाचा? हवामान खातं म्हणतं 'तुरळक ठिकाणी मध्यम पावसाची शक्यता'. युट्यूबवरचा माणूस तारीख सांगतो, वेळ सांगतो, वारा कुठून येणार ते सांगतो. चुकला तरी पुढच्या व्हिडिओला माणसं तेवढीच. एकाला म्हटलं, अहो मागच्या खेपेला चुकला ना तो? म्हणे चुकला, पण ठाम तरी होता.

आणि एक. १९७२ पण इथेच होऊन गेलं. आमचे आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तेव्हा कोणी वॉर्मिंग-बिर्मिंग म्हणत नव्हतं. निसर्ग आहे, चालायचंच.

(मोबाइलवरून टंकतोय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.)

पंचवटीकर

ताई, तुमच्याकडे निदान बाग आहे म्हणून आभाळाकडे बघणं तरी होतं. आम्ही शहरवाले धरण किती टक्के भरलं एवढंच बघतो.

माझा जन्म पंचवटीतला, वय आता सत्तरीकडे. पूर आला की आमची मोजपट्टी म्हणजे गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. सराफ बाजार, भांडी बाजार त्यावरून ठरवायचे, माल वर चढवायचा की नाही. २००८ चा पूर पाहिला, २०१६ चा पाहिला, २०१९ चाही पाहिला. सुरुवातीला मारुती बुडाला म्हटलं की पोटात गोळा यायचा. आता होळकर पुलावर मोबाइल उंचावून गर्दी उभी असते, मक्याची कणसं विकायला येतात. मीसुद्धा नातवाला खांद्यावर घेऊन जातो. भीती कधी गेली आणि जत्रा कधी सुरू झाली ते कळलंच नाही.

अर्थात इथला पूर म्हणजे सगळा आभाळाचा कारभार नव्हे. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, नदीपात्रात काय काय बांधून ठेवलंय, याचाही हिशोब त्यात येतो. म्हणून पूर आला की हवामान बदललं असं मी लगेच म्हणत नाही.

पण उकाड्याचं म्हणतो. लहानपणी मे महिन्यात गच्चीवर झोपायचो तर पहाटे पांघरूण ओढावं लागे. बाहेरगावचे पाहुणे नाशिकला थंड हवेसाठी यायचे. हल्ली आमच्या बिल्डिंगमध्ये एसी नसलेला फ्लॅट शोधावा लागतो. मी हे बोललो की सूनबाई म्हणते, "बाबा, नाशिकला उन्हाळ्यात असंच गरम होतं." ती लग्न होऊन इथे आली तेव्हापासून तिने हेच पाहिलंय. तिच्याशी वाद कुठल्या तोंडाने घालू?

अवांतर: २०२५ च्या नोव्हेंबरात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला. एरवी सोसायटीच्या मीटिंगला न फिरकणारी माणसं तिथे झाडांपाशी जाऊन उभी राहिली. माझी बायको रडली. जगाचं तापमान वाढतंय या बातमीवर तिला कधी रडताना पाहिलं नाही. म्हणजे ताई, आत हलतं. फक्त कशाने हलतं ते वेगळं आहे.

कोपरगावचा जावई

अमेरिकेने धूर सोडायचा आणि आम्ही मानसशास्त्र वाचायचं. छान.

शरणपूरकर

मी मानसशास्त्र शिकवतो, म्हणून तोंड उघडतोय. लांबेल.

मॅडम, तुमच्या ब्लोअरपासून सुरू करतो, कारण तुम्ही नकळत या विषयातलं एक जुनं निरीक्षण लिहून गेलात. एल्के वेबर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत इलिनॉयमधल्या शेतकऱ्यांचा अभ्यास केला होता, १९९७ साली तो छापून आला. हवामानाची काळजी वाटणारे शेतकरी काहीतरी करत होते: कोणी पीकपद्धतीत बदल केला, कोणी माल विकण्याची पद्धत बदलली, कोणी सरकारने काही करावं म्हणून बोलू लागला. पण यातलं बहुधा एकच. एक उपाय केला की मनातली धोक्याची घंटा बंद व्हायची आणि बाकीचे उपाय तितकेच गरजेचे असूनही मागे पडायचे. तुमची भीती नुकसान भरून निघालं म्हणून गेली नाही. हाताला काम लागलं म्हणून गेली. फवारणीवाले म्हणतात वेळ नाही. मी म्हणेन की भीतीचे रोजच्या रोज तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्यावर त्यांच्या दुकानात एक बाटली मिळते. (रागावू नका हो.)

वेबर बाईंनी आणखी एक गोष्ट मांडली आहे, काळजीचा साठा मर्यादित असतो ही. व्यापारी पैसे बुडवून पळाला, सोसायटीचा हप्ता आला, मजूर मिळेना, मुलीचं लग्न ठरलं, की त्या साठ्यातून आधी हे वजा होणार. वीस वर्षांनंतरच्या पावसाला उरतं काय?

स्टाफरूममधल्या थंडीचंही उत्तर आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की आजचा दिवस नेहमीपेक्षा गरम वाटला तर लोकांचा तापमानवाढीवरचा विश्वास त्या दिवसापुरता वाढतो, गार वाटला तर कमी होतो. अंगाला लागणारी हवा मनाला पुरावा वाटते. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून यातून सुटका नाही. मी या विषयावर व्याख्यानं देतो आणि डिसेंबरातल्या पहाटे गोदाकाठी फिरताना मलाही सगळं आलबेल वाटतं.

पंचवटीकर काका, तुमच्या सूनबाई एकट्या नाहीत. फ्रान्सिस मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतले दोन अब्जांहून जास्त ट्विटर संदेश तपासले, २०१९ सालचा हा अभ्यास. लोक कधी हवामानाबद्दल बोलतात आणि कधी बोलणं सोडून देतात, हे पाहिलं. निघालं असं की 'नेहमीचं' हवामान म्हणजे काय, हे माणूस साधारण मागच्या दोन ते आठ वर्षांवरून ठरवतो. विचित्र उन्हाळा सलग काही वर्षं आला की तो नेहमीचा होतो आणि चर्चा थांबते. त्रास मात्र थांबलेला नसतो. डॅनियल पॉली यांनी १९९५ साली मासेमारीबद्दल हेच मांडलं होतं: मासेमारीच्या अभ्यासकांची प्रत्येक पिढी आपण कामाला लागलो तेव्हा समुद्रात जेवढे मासे होते तेवढ्यांना मूळचे धरते, आणि घट मोजली जाते ती तिथून पुढची. पुलावरच्या तुमच्या जत्रेतही हेच थोडंफार असावं.

तपोवनाबद्दल लिहिलंत ते मला फार महत्त्वाचं वाटलं. ग्लेन अल्ब्रेक्ट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने न्यू साउथ वेल्समधल्या कोळसा खाणींच्या भागात लोकांचं दुःख टिपलं. ही माणसं गाव सोडून गेलेली नव्हती. घरातच होती, आणि घराभोवतीचं सगळं ओळखू येईनासं झालं होतं. वहिनींचं रडणं त्यातलं आहे. जगाच्या सरासरी तापमानासाठी रडण्याची सोय माणसाच्या मनात नाही, ज्या वडाखाली बसलो त्याच्यासाठी आहे.

आता मॅडम, तुमचा ओटा. कारी नॉरगार्ड ही अमेरिकन समाजशास्त्रज्ञ २०००-०१ च्या हिवाळ्यात पश्चिम नॉर्वेतल्या एका गावात राहिली. त्या वर्षी बर्फ फार उशिरा आला. स्की केंद्र कृत्रिम बर्फ करून चालवावं लागलं, तळं नीट गोठलं नाही. लोक सुशिक्षित, पेपर वाचणारे, तापमानवाढ मान्य असलेले. तरी गावच्या बैठकीत, शाळेत, चहाच्या टेबलावर तो विषय येत नसे. आलाच तर एखादी थट्टा, की पुढचं बोलणं. तिचं म्हणणं असं की हे अज्ञान नव्हे आणि बेफिकिरीही नव्हे. काय बोलायचं नाही, हे सगळे मिळून न ठरवता ठरवतात, कारण बोललं तर हतबल वाटतं, अपराधी वाटतं, आणि आपण चांगली माणसं आहोत या समजाला धक्का लागतो. नॉर्वेत अपराधीपणाला कारण होतं, तो देश तेलावर श्रीमंत झाला. निफाडच्या ओट्याला ते कारण नाही. तिथलं कारण काय, ते तुम्हीच शोधा. मला बाहेरून दिसणार नाही.

जावईबापू, तुमचा टोमणा रास्त आहे. वर्षाला माणशी कार्बन डायऑक्साइड बघितला तर भारतीय सुमारे दोन टन आणि अमेरिकन सुमारे चौदा टन. या अन्यायाचा राग यायलाच हवा. पण 'दोष माझा नाही' या वाक्याने जी शांतता मिळते ती गारांना कळत नाही.

फवारणीवाले, १९७२ बद्दल. दुष्काळ पूर्वीही पडत आणि गाराही पडत, खरंच आहे. प्रश्न वारंवारतेचा आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. एका माणसाला आपल्या आयुष्यात हे दिसत नाही, कारण स्मरणशक्ती सरासरी काढत नाही. तिच्याकडे ठळक प्रसंग असतात, ७२ सारखे.

शेवटी मुलाचं. तो जास्त करत नाहीये. २०२१ मध्ये लॅन्सेटच्या एका नियतकालिकात दहा देशांतल्या, १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांचं सर्वेक्षण आलं, त्यात भारतही होता. ५९ टक्के तरुण खूप किंवा अतिशय काळजीत होते, ४५ टक्क्यांहून जास्त जणांनी रोजच्या जगण्यावर परिणाम होतो असं सांगितलं. मोठी माणसं आपल्याला वाऱ्यावर सोडतायत ही भावनाही त्यात होती. त्याच्या प्रश्नावर "अभ्यास कर" हे उत्तर मिळालं, त्याचा त्याने काय अर्थ काढला असेल? स्वीडनमध्ये मारिया ओयाला यांनी किशोरवयीन मुलांचा अभ्यास केलाय. काही होणार नाही म्हणून विषय झटकणारी मुलं स्वस्थ राहतात पण काही करत नाहीत. एकट्याने प्रश्न सोडवायला निघालेली मुलं करतात बरंच, पण जास्त खचतात. ज्यांना काळजी आहे आणि सोबत या कामात विश्वास ठेवावा अशी माणसंही दिसतात, ती मुलं त्यातल्या त्यात बरी राहतात. त्याची झोप वारंवार उडत असेल, जेवण तुटत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात.

आणि एक छोटं काम सुचवतो. घरात कोणी जुन्या नोंदी ठेवल्या असतील तर काढा. हवामानाच्या आठवणींवर विसंबू नका, तुमच्याही नाही आणि नानांच्याही नाही. इलिनॉयच्या त्याच अभ्यासात, हवामान बदलतंय असं मानणाऱ्यांना मागची सालं तशी आठवत होती, न मानणाऱ्यांना तशी आठवत नव्हती.

पंचवटीकर

सर, वडाचं बरोबर लिहिलंत. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वड नव्हता, चिंच होती.

मांडवाखालची

सर, उत्तर दोनदा वाचलं, मग मिस्टरांना वाचायला दिलं. त्यांनी ब्लोअरचा भाग वाचला, हसले आणि म्हणाले, "मग काय, हात बांधून बसायचं होतं का?" तेही खरंच.

ओट्याचं कारण शोधा म्हणालात. शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पाऊस कायमचा बदललाय असं एकदा मोठ्याने म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप येतं: मग बाग ठेवायची कशाला? ते वाक्य कोणाला नको असतं. बाग म्हणजे अँगल, तारा, ठिबक, वीसेक वर्षांचं खोड आणि त्यावरचं कर्ज. पोराचं स्थळ बघायला आलेले लोक आधी मांडव बघतात. नानांनी ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू रानात विहीर खणून ही बाग उभी केली, गावात त्यांना मान आहे तो तिच्यामुळे. 'डोकं फिरलंय पावसाचं' म्हटलं की पुढच्या वर्षी ते ठिकाणावर येईल अशी जागा राहते. संजीवक चुकलं म्हटलं तर त्याहून चांगलं, कारण ते पुढच्या खेपेला बदलता येतं. मी याला भित्रेपणा समजत होते. आता वाटतं, ती माणसं बोलण्याच्या दोन पावलं पुढचं बघून गप्प बसतात.

आणि सर, यात एक तुमच्या अभ्यासांत दिसलं नाही. बायका बोलतात. थिनिंगला येणाऱ्या बायका मांडवाखाली सरळ बोलतात: या पावसाचं आता काही खरं नाही, लेकीला बागायतदाराकडे द्यायची नाही, नोकरीवाला बघायचा. त्यांच्या नावावर बाग नाही, त्यामुळे तोंडाला कुलूप नाही.

वह्यांचं. नाना छाटणीच्या तारखा, फवारण्या, पाऊस असं लिहून ठेवतात, बँकेच्या जुन्या डायऱ्यांमध्ये. कपाटावरून काढल्या. मुलगा सुट्टीला आलेला होता, त्यालाच बसवलं. नाना ठाम होते की पूर्वी ऑक्टोबरात पाऊस नसायचा. डायऱ्यांत नव्वदच्या दशकातही ऑक्टोबरात पाऊस सापडला, छाटणी पुढे ढकललेली सापडली, आणि एका फेब्रुवारीत गाराही. नाना जरा खट्टू झाले. मुलाचाही चेहरा पडला, त्याला सरळ वर जाणारी रेघ हवी होती. पण मे महिन्याची पानं उलटत गेलो तर जुन्या डायऱ्यांत तिथे मजुरी आणि शेणखताशिवाय काही नाही. पावसामुळे मे महिन्यात फवारणी ही नोंद अगदी अलीकडे दिसायला लागते. आणि फवारण्यांची यादी जी आधी एका पानात मावायची ती आता मावत नाही. यातलं सगळंच पावसामुळे नाही, हे मला कळतं. औषधं बदलली, निर्यातीचे नियम आले, रोगही औषधाला सरावले.

मग मी तुमच्या पद्धतीने न विचारता माझ्या पद्धतीने विचारलं. हवामानाचं नावच काढलं नाही. म्हटलं, "नाना, तिन्ही एकर अशीच ठेवायची का?" नाना चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "विहिरीकडची जुनी आहे, ती काढावी असं माझ्या मनात तीन वर्षं आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." मिस्टर म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही."

शरणपूरकर

बायकांचा मुद्दा मी टिपून घेतला. यावर खरंच कोणी काम करायला हवं.

आणि हे जे शेवटी घडलं त्याची मोठी आकडेवारी आहे, ती टाकण्याचा मोह आवरत नाही. २०२४ मध्ये १२५ देशांतल्या सुमारे एक लाख तीस हजार लोकांचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. हवामानासाठी महिन्याच्या मिळकतीतला एक टक्का द्यायला ६९ टक्के लोक तयार होते. त्याच लोकांना विचारलं, तुमच्या देशातले इतर किती जण तयार असतील? सरासरी उत्तर आलं ४३ टक्के. म्हणजे प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच असा विचार करतो. तुमच्या घरात नाना आणि मिस्टर तीन वर्षं हेच करत होते.

मुलगा काय म्हणतो?

मांडवाखालची

तो डायऱ्यांमधले आकडे मोबाइलवर भरतोय, एक्सेलमध्ये. नानांचं अक्षर लागत नाही म्हणून दर अर्ध्या तासाने हाक मारतो. शेती करणार नाही हे त्याचं मत कायम आहे. झोपेचं विचारलं. म्हणाला, परीक्षेमुळे पण जागतो, सगळं काही हवामानावर ढकलू नको. १४४१६ त्याच्या मोबाइलमध्ये टाकून दिलाय.

विहिरीकडच्या बागेचं अजून ठरलेलं नाही. मिस्टर म्हणतात आधी दोन एकरांवर प्लास्टिकचं आच्छादन करू, खर्च लाखांत आहे. नाना म्हणतात वाऱ्यात फाटलं तर? मी दोघांना सरांनी लिहिलेलं एकाच उपायाचं सांगितलं, तर दोघांनी मिळून मला गप्प केलं. कोणी आच्छादन केलं असेल तर अनुभव लिहा.

फवारणीवाला

ताई, सरांनी मला चांगलंच धुतलं, हरकत नाही. आमच्याकडे दोघा-तिघांनी आच्छादन केलंय. पावसात घड वाचतो, पण आत दमट राहतं, भुरीकडे लक्ष ठेवावं लागतं. सांगाडा तयार करणारा माणूस चांगला बघा, प्लास्टिक कुठलंही मिळेल. वाऱ्याचं नाना बोलतात ते खरंय.

आणि विहिरीकडची काढायची ठरली तर अँगल-तारा भंगारात घालू नका. त्याच मांडवावर कारली, दोडकी चढतात, टोमॅटोही बांधता येतो. आमच्या भागात बऱ्याच जणांनी केलंय. जुन्या बागेच्या मातीत मुळांना लागणारे सूत्रकृमी असतात, टोमॅटो घेण्याआधी माती तपासून घ्या. तपासणीचा कागद घेऊन दुकानात या, काय लागेल ते सांगतो. बाटली देईन असं नाही, आधी कागद बघू.